रेफरन्स वाढवायचा की सिग्नल कमी करायचा? खर्चाचा हिशेब

आर्डुइनो बोर्डाची यूएसबी वायर काढून ठेवली होती, तरी त्यावरचा दिवा मिणमिणत होता. मीटर लावला तर ५ व्होल्टच्या पिनवर सव्वादोन व्होल्ट. ही वीज एरेफ पिनमधून, म्हणजे रेफरन्स जोडायच्या पिनमधून, आत शिरत होती. तिथे मी नेमके ५.००० व्होल्ट देणारी रेफरन्स चिप जोडली होती, आणि ती चिप वेगळ्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालत होती. बोर्ड बंद केला, अडॅप्टर तसाच राहिला. रात्रभर त्या पिनमधून बोर्डाला उलट्या वाटेने वीज मिळत राहिली.

सकाळी बोर्डावरची मुख्य चिप जिवंत होती. प्रोग्रामही चालला. पण तीच बॅटरी, तीच जोडणी असताना वाचन आदल्या दिवसापेक्षा सात काउंट वर गेले होते. चिप जळली असती तर मी ती बदलून मोकळा झालो असतो. इथे मात्र ती चालत होती आणि चुकीचे सांगत होती. नंतरचे चार दिवस मी रेझिस्टर, वायरी, ब्रेडबोर्ड, प्रोग्राम असे सगळे तपासत बसलो आणि चिपवर संशय घेतला सर्वांत शेवटी. गेलेल्या वस्तूंची किंमत सहाशे रुपयांच्या आत होती, ते चार दिवस वेगळे.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारी मुले, सोलरचे काम करणारे तंत्रज्ञ, घरी बॅटरी मॉनिटर बनवणारे हौशी लोक, सगळे कधी ना कधी हाच प्रश्न विचारतात: एडीसीला जरा जास्त रेफरन्स दिला तर काय बिघडेल? या प्रश्नाचे उत्तर रुपयांत, अचूकतेत आणि वेळेत मांडतो. किमती सुट्या खरेदीच्या, ढोबळ आहेत. लॅमिंग्टन रोडला, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन त्या इकडेतिकडे होतील.

पट्टी आणि तिची मर्यादा

एडीसी बाहेरचे व्होल्टेज आकड्यात बदलतो, आणि रेफरन्स ही त्याची मोजपट्टी. १० बिटांचा एडीसी या पट्टीचे १०२४ भाग पाडतो, १२ बिटांचा ४०९६. पट्टी लांब केली तर जास्त व्होल्टेज मोजता येईल, हा विचार चुकीचा नाही. अडचण अशी, की पट्टी चिपच्या आत ठेवायची असते आणि चिपची उंची ठरते तिला मिळणाऱ्या विजेवर.

आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपच्या डेटाशीटमध्ये रेफरन्सची व्याप्ती १.० व्होल्टपासून एव्हीसीसीपर्यंत दिली आहे. एव्हीसीसी म्हणजे चिपच्या अ‍ॅनालॉग भागाचा पुरवठा. एमसीपी३२०८ या लोकप्रिय १२ बिटांच्या एडीसीसाठी ती ०.२५ व्होल्टपासून त्याच्या पुरवठ्यापर्यंत आहे. वरची हद्द दोन्हीकडे एकच: चिपचा स्वतःचा पुरवठा.

त्याच डेटाशीटमध्ये आणखी एक तक्ता असतो, आणि बरेच जण तिथे फसतात. त्यात एटीमेगाच्या पिनवर पुरवठ्यापेक्षा ०.५ व्होल्ट जास्त, एमसीपी३२०८ वर ०.६ व्होल्ट जास्त, अशा मर्यादा दिसतात. मग वाटते, ०.५ पर्यंत सूट आहेच की! धरणाला पूर्ण संचय पातळी असते आणि तिच्या वर महत्तम पूर पातळी असते. पाणी साठवायचे ते पहिल्या पातळीपर्यंत. दुसरी पातळी पुराच्या वेळी भिंत टिकावी म्हणून हिशेबात धरलेली असते. डेटाशीटचा दुसरा तक्ताही तसाच आहे. तिथवर चिप मरणार नाही एवढेच तो सांगतो. मोजमाप बरोबर येईल असे वचन त्यात कुठेही नाही.

आत काय घडते ते समजले की मोह आपोआप कमी होतो. अशा एडीसीत बारीक कपॅसिटर असतात आणि मॉसफेटचे स्विच त्यांना आळीपाळीने रेफरन्सशी व जमिनीशी, म्हणजे ग्राउंडशी, जोडतात. या स्विचच्या बांधणीतच पुरवठ्याकडे तोंड असलेला डायोड असतो. पिनवर संरक्षणाचा डायोड असतो तो वेगळा. रेफरन्स पुरवठ्याच्या काही दशांश व्होल्ट वर गेला की हे डायोड वाहू लागतात. रेफरन्समधला करंट पुरवठ्याकडे पळतो, पट्टी प्रत्यक्षात आखडते, आणि प्रोग्राम मात्र तिची जुनीच लांबी धरून गुणाकार करत राहतो. वाचन खऱ्यापेक्षा जास्त येते. किती जास्त, ते तापमानावर आणि त्या क्षणीच्या पुरवठ्यावर ठरते, त्यामुळे ती चूक प्रोग्राममध्ये वजा करून टाकता येत नाही. करंट फार वाढला तर लॅचअप होतो: चिपमधली नको असलेली वाट उघडते, चिप चटका बसेल इतकी तापते, आणि वीज तोडल्याशिवाय थांबत नाही.

उनोवर ५.००० व्होल्टचा हट्ट

उनो यूएसबीवर चालतो तेव्हा त्याला बरोबर ५ व्होल्ट मिळतात असे आपण धरून चालतो. लांब, स्वस्त वायर असेल तर बोर्डावर ४.७ व्होल्ट किंवा त्याहूनही कमी पोहोचतात. आता एरेफवर ५.००० व्होल्टची उत्तम रेफरन्स चिप लावा. पट्टी पुरवठ्यापेक्षा ०.३ व्होल्ट वर गेली. शिफारशीच्या बाहेर, पण जीवघेण्या मर्यादेच्या आत. बहुतेक वेळा काही दिसतही नाही. मग यूएसबी निघते, रेफरन्स चालू राहतो, आणि बोर्डाला त्या पिनमधूनच उलटी वीज मिळू लागते. माझ्याकडे हेच झाले होते.

रेफरन्स वेगळ्या अडॅप्टरवर असेल तर चालू करताना आधी बोर्ड मग रेफरन्स, बंद करताना उलट, हा क्रम दर वेळी पाळावा लागतो. वीज गेली-आली की क्रम तुमच्या हातात राहत नाही, आणि आपल्याकडे वीज जाते.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला: ५.००० ची चिप घेऊ नका, ४.०९६ ची घ्या. एलएम४०४० या कुटुंबात ती मिळते. ही शंट जातीची आहे, म्हणजे बोर्डाच्याच ५ व्होल्टमधून एका रेझिस्टरद्वारे तिला करंट द्यायचा आणि ती स्वतःवरचे व्होल्टेज ४.०९६ ला धरून ठेवते. या रचनेत रेफरन्स पुरवठ्याच्या वर जाऊच शकत नाही, कारण तो त्याच पुरवठ्याच्या खाली लटकलेला असतो. बोर्ड बंद, रेफरन्सही बंद. क्रमाची कटकटच उरत नाही. रेझिस्टर १ किलोओहमचा चालतो: पुरवठा ४.७५ असताना त्यातून ०.६५ मिलिअँपिअर येतो. एरेफ पिनला आतून ३२ किलोओहमचा भार असतो, तो सुमारे ०.१३ मिलिअँपिअर घेतो, आणि उरलेला चिपला भरपूर होतो. आकडाही सोयीचा आहे. १० बिटांवर एक काउंट बरोबर ४ मिलिव्होल्टचा, १२ बिटांवर १ मिलिव्होल्टचा.

खर्च: एलएम४०४० साठी ५० ते १५० रुपये, रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळून पाच रुपयांच्या आत. ५.००० ची चांगली सिरीज रेफरन्स चिप काहीशे रुपयांना पडते, शिवाय वेगळा अडॅप्टर.

एक खबरदारी. प्रोग्राममध्ये पहिले वाचन घेण्याआधी रेफरन्स बाहेरचा आहे हे सांगणारी ओळ आलीच पाहिजे. ती नसेल तर चिप आपला अंतर्गत पुरवठा त्याच पिनला जोडते आणि दोन व्होल्टेज एकमेकांना भिडतात. ओळ लिहून, प्रोग्राम बोर्डात भरून, मगच वायर जोडा.

एलएम४०४० वेगवेगळ्या ग्रेडमध्ये येते. ए ग्रेड ०.१ टक्का, सी ग्रेड ०.५ टक्का. दुकानदार ए ग्रेड पुढे करील. घेण्याआधी उन्हाळा आठवा. या चिपचा तापमानाबरोबरचा बदल अंशाला १०० पीपीएमपर्यंत असू शकतो. विदर्भात जानेवारीच्या पहाटे १० अंश आणि मे महिन्याच्या दुपारी ४५ अंश धरले, तर ३५ अंशांत ०.३५ टक्का, म्हणजे १० बिटांवर साडेतीन काउंट. शेतावर ठेवायच्या पेटीत ए ग्रेडचे जादा पैसे या फरकातच विरघळतात. सी ग्रेड घ्या आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या चांगल्या बेंच मीटरवर एकदा मोजून तो आकडा प्रोग्राममध्ये लिहा. तीनशे रुपयांचा पिवळा मीटर या कामाला पुरत नाही. त्याचीच अचूकता अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, म्हणजे सी ग्रेडच्या चिपइतकीच.

हातात पैसेच नसतील तर एक फुकटचा मार्गही आहे. एटीमेगाच्या आत १.१ व्होल्टचा रेफरन्स असतो. तो चिपागणिक १.० ते १.२ च्या दरम्यान कुठेही असतो, पण त्या एका चिपपुरता बऱ्यापैकी स्थिर राहतो. पुरवठ्याला पट्टी मानून हा १.१ व्होल्ट मोजला की उलट गणिताने खरा पुरवठा कळतो. एकदा त्या चिपचा नेमका आकडा काढून ठेवला की यूएसबी ४.७ देवो की ५.१, वाचन सरळ येते.

दोन रुपयांचे दोन रेझिस्टर

बहुतेकांची खरी गरज १२ व्होल्टची बॅटरी मोजण्याची असते. रेफरन्स कितीही ताणला तरी तिथे पोहोचत नाही, आणि पोहोचण्याचे कारणही नाही. पट्टी तशीच ठेवून सिग्नलच लहान करायचा.

वर ३९ किलोओहम, खाली १० किलोओहम. मधल्या बिंदूवर मूळ व्होल्टेजचा ४.९ वा भाग मिळतो. ४.०९६ च्या रेफरन्सने पूर्ण व्याप्ती २० व्होल्टची होते आणि एक काउंट साधारण २० मिलिव्होल्टचा पडतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना १४.४ पर्यंत जाते, ती आरामात बसते. दोन्ही रेझिस्टर मिळून एडीसीला ८ किलोओहमच्या आसपास दिसतात. एटीमेगासाठी १० किलोओहमच्या आतला स्रोत सुचवलेला आहे, तीही अट सुटते. बॅटरीतून सतत पाव मिलिअँपिअर जातो, दिवसाला सहा मिलिअँपिअर-अवर. गाडीच्या बॅटरीला ते जाणवणारही नाही.

या जोडीचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. पिनच्या संरक्षक डायोडमधून १ मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊ देऊ नये, असे या चिपच्या उत्पादकानेच सुचवले आहे. ३९ किलोओहम मध्ये असल्यावर चुकून ४० व्होल्ट आले तरी करंट त्या मर्यादेच्या आत राहतो. बोर्ड बंद आणि बॅटरी जोडलेली, हा प्रसंगही तो निभावून नेतो.

१ टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर रुपया-दोन रुपयांना मिळतात. दोन्हींच्या चुका विरुद्ध दिशेने पडल्या तर एकूण चूक १.६ टक्का, १२.६ व्होल्टवर ०.२ व्होल्ट. बॅटरी भरलेली की निम्मी, हे ठरते जेमतेम ०.४ व्होल्टच्या फरकावर. त्यामुळे जोडणी झाल्यावर एकदा चांगल्या मीटरशी ताडून पाहणे टाळू नका. ०.१ टक्क्याच्या महाग रेझिस्टरची मात्र इथे गरज नाही.

तयार मॉड्यूल घेताना

'० ते २५ व्होल्ट' असे लिहिलेले व्होल्टेज सेन्सर मॉड्यूल चाळीस-साठ रुपयांना मिळते. त्यावर ३० आणि ७.५ किलोओहमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणजे पाचास एक. २५ हा आकडा ५ व्होल्टच्या बोर्डासाठी आहे. ईएसपी३२ किंवा ३.३ व्होल्टच्या कुठल्याही बोर्डावर तोच आकडा १६.५ होतो. सोलरवाल्यांनी इथे जरूर थांबावे: १२ व्होल्टचे म्हणून विकले जाणारे पॅनेल उघड्या टोकांवर २१-२२ व्होल्ट देते. पाचाने भागून ४.४ व्होल्ट, आणि ते ३.३ च्या पिनवर. ट्रकची २४ व्होल्टची बॅटरी चार्ज होताना २८.८ पर्यंत गेली तर उनोच्या पिनवरही पावणेसहा येतात. पाटी वाचून घेऊ नका, रेझिस्टर वाचून घ्या.

एडीएस१११५ हे १६ बिटांचे मॉड्यूल दोनशे ते चारशे रुपयांत येते. त्याला बाहेरून रेफरन्स देताच येत नाही, तो आतच असतो. तरी मर्यादा ओलांडायची एक वाट त्यातही आहे. सेटिंगमध्ये ६.१४४ व्होल्टची व्याप्ती निवडता येते, आणि ३.३ वर चालवणारे लोक त्यावर खुशाल ५ व्होल्ट जोडतात. व्याप्तीचा आकडा फक्त काउंटचा आकार ठरवतो, १८७.५ मायक्रोव्होल्ट. पिन सहन करते ते पुरवठा अधिक ०.३ व्होल्ट इतकेच. ३.३ वर चालवायचे असेल तर ४.०९६ ची व्याप्ती निवडा, काउंट १२५ मायक्रोव्होल्टचा होईल, आणि सिग्नल रेझिस्टरने ३.३ च्या खाली आणा. मॉड्यूलला ५ व्होल्ट देऊन सुटका करायला गेलात तर त्यावरचे पुल-अप रेझिस्टर रास्पबेरी पायच्या ३.३ च्या पिनांवर ५ व्होल्ट नेऊन ठेवतात. मध्ये लेव्हल शिफ्टर हवा.

मॉड्यूल घरी आणल्यावर एक तपासणी करा. हलता सिग्नल देऊन शंभर वाचने घ्या. शेवटचे चार बिट प्रत्येक वेळी शून्यच असतील तर वरचे नाव काही असो, आत १२ बिटांची एडीएस१०१५ आहे. लगेच परत करा. एकदा जास्त व्होल्टेज दिलेली वस्तू दुकानदार सहसा परत घेत नाही, म्हणून ही चाचणी सर्वांत आधी.

२४ बिटांच्या एडीएस१२५६ ला मात्र लोक खरोखर जास्त रेफरन्स देतात. त्याची शिफारस ०.५ ते २.६ व्होल्टची आहे. मॉड्यूलवर २.५ ची चिप असते आणि वाटते, पुरवठा ५ चा असताना रेफरन्स अर्धाच का? कारण या चिपची पूर्ण व्याप्ती रेफरन्सच्या दुप्पट असते. २.५ वर ती उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट आधीच मोजते. रेफरन्स ५ केला तर कागदावर व्याप्ती १० व्होल्टची होते, पण पिनवर ५ च्या वर काही जोडताच येत नाही. निम्मी पट्टी कायम रिकामी राहते आणि आतल्या मॉड्युलेटरला झेपेल त्याच्या पलीकडे नेल्याने सरळपणाही बिघडतो. हजार-दोन हजारांचे मॉड्यूल पणाला लावून मिळकत शून्य.

मिळते तरी किती?

मोठ्या रेफरन्सने सिग्नल मोठा घेता येतो आणि चिपच्या स्वतःच्या नॉइजच्या तुलनेत तो वर उठतो, हे खरे आहे. ५.० ऐवजी ५.२ व्होल्ट दिले तर फायदा ०.३४ डेसिबल, बिटांत ०.०६. चार वाचनांची सरासरी घेतली, आणि नॉइज निदान एका काउंटएवढा असेल, तर फायदा ६ डेसिबल, पूर्ण एक बिट. सोळा वाचनांत दोन बिट. त्याला लागतात प्रोग्रामच्या चार ओळी. बॅटरी, तापमान, टाकीतली पातळी या सगळ्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टी आहेत, सोळा वाचनांचा वेळ कुणाला जड जात नाही.

दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याबद्दलही विचारणा होते: आतला रेफरन्स बदलून क्षमता वाढेल का? नाही. त्या मंडलात लोडसेल आणि एडीसी एकाच व्होल्टेजवर चालतात, दोन्ही एकत्र बदलतात आणि गुणोत्तर तेच राहते. शिवाय व्यापारात वापरायच्या काट्याची वैध मापन शास्त्र विभागाकडून दरवर्षी पडताळणी होते, त्यावर शिक्का असतो, आणि दुरुस्तीही परवानाधारकाकडूनच करून घ्यायची असते. सील तोडू नका.

आधीच चूक झाली असेल तर

चिप फेकण्याआधी अर्धा तास द्या. रेफरन्सची वायर काढा, बोर्ड अंतर्गत पुरवठ्यावर चालवा. इनपुट ग्राउंडला जोडून शंभर वाचने घ्या, सरासरी शून्य-एकच्या आत हवी. मग इनपुट ५ व्होल्टला जोडा, १०२३ आले पाहिजे. मग दीड व्होल्टचा नवा सेल जोडा, पुरवठा आणि सेल दोन्ही चांगल्या मीटरने त्याच वेळी मोजा आणि अपेक्षित काउंट हाताने काढा. हेच सगळ्या चॅनेलवर करा, कारण एकच पिन दुखावलेली असू शकते. शेवटी चिपला बोट लावून पाहा. काही न जोडता ती कोमट लागत असेल तर आत गळती आहे.

दोन काउंटच्या आत जुळले तर चिप ठेवा. जास्त फरक असेल, किंवा आज एक आणि उद्या दुसरे येत असेल, तर तिच्यावर पेनने खूण करा आणि तिला फक्त दिवे, रिले, डिजिटल कामे द्या. सॉकेटमध्ये बसणारी नवी एटीमेगा दोनशे-तीनशे रुपयांना मिळते. पृष्ठभागावर डकवलेली चिप असेल तर ती उकरण्यापेक्षा तीनशे ते सहाशेंचा अख्खा बोर्ड घेतलेला बरा. माझ्या त्या रात्रीच्या चिपवर लाल ठिपका आहे. ती आता गच्चीवरच्या टाकीचा पंप चालू-बंद करते, आणि तिच्या एरेफ पिनला ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरखेरीज काहीही जोडलेले नाही.